पडायचं तर अंगणात

पडद्यावर चौऱ्याण्णव होतं आणि यांचे ओठ जांभळे पडले होते.

मी दलियाची वाटी घेऊन आले होते. आधी आकडा पाहिला, ही माझी चूक. चौऱ्याण्णव म्हणजे चांगलं, नव्वदच्या खाली गेलं की घंटी वाजेल, असं आमच्या भाडेकरू इंजिनियरनं मला पढवून ठेवलं होतं. घंटी वाजली नव्हती. म्हणून मी स्टुलावर बसून दलिया फुंकत राहिले, दोन मिनिटं तरी. मग चमचा यांच्या तोंडाशी नेला तर तोंड उघडेना. नखं पाहिली, निळी. पुन्हा पडद्याकडं पाहिलं. चौऱ्याण्णव. हिरव्या रंगात, अगदी ऐटीत.

"इंजिनियर!" मी ओरडले. "अरे ये लवकर, यांना काय होऊन राहिलं पाहा!"

तो बाहेर ओट्यावरच होता. आमच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, हा त्याचा नियम. त्या सकाळी तो चपलांसकट आत धावत आला, आणि यांच्याकडं न पाहता सरळ कॉम्प्युटरपाशी जाऊन बटणं दाबायला लागला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

पुढचं सांगते. पण आधी हा माणूस कोण ते सांगावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी परक्याच्या पाठीत धपाटे काहून घालते.

तो आमच्याकडं आला तेव्हा चाळिशी उलटलेला होता. अमरावतीकडचा, लग्न न केलेला, अंगानं वाळक्या शेंगेसारखा. कंपनी पुण्याची. त्या कंपनीची दुधातलं फॅट मोजायची यंत्रं आमच्या जबलपूरच्या आसपासच्या डेअऱ्यांमध्ये बसवलेली होती, ती सांभाळायला याला इथं पाठवलं होतं. मी त्याला घरातली पुढची खोली दाखवली. पंखा, आलमारी, रस्त्यावरची खिडकी. त्यानं बाहेर उभं राहूनच मान आत घातली, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाला, "काकू, ती तिकडची द्या."

तिकडची म्हणजे अंगणाच्या टोकाची, जिथं आमची लाकडं आणि जुनी सायकल असायची.

"त्या खोलीत विंचू निघतात," मी म्हटलं.

"चालेल."

विंचवाला चालेल म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

त्याचं काम काय, हे गल्लीत कोणालाच कळलं नाही. तो ड्रायव्हर लिहायचा. त्यावरून जेवढे विनोद व्हायचे तेवढे झाले, ते मी इथं लिहीत नाही. मला त्यानं एकदा मटार सोलता सोलता समजावून दिलं. जवळच्या पनागर गावचा मटार स्वस्त झाला की तो सायकलवर पोतंभर आणायचा आणि ओट्यावर बसून सोलायचा. मी दाराच्या आत, तो दाराच्या बाहेर, मधे परात.

"यंत्राची बोली वेगळी, कॉम्प्युटरची बोली वेगळी," तो म्हणाला. "मधे दुभाष्या लागते. तो दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. तो मी लिहितो."

"मग त्यात एवढं पुण्याच्या साहेबाशी भांडण कशाचं?" कारण रोज दुपारी फोनवर भांडण चालायचं आणि ते आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं.

"दुभाष्याला कुठं बसवायचं, त्याचं. कॉम्प्युटरात एक आतलं घर असते, काकू. त्याला कर्नेल म्हणतात. चूल तिथं, पाणी तिथं, लाइटचं मीटर तिथं. ज्याला आत घेतलं त्याला सगळ्याला हात लावता येते. तो नीट वागला तर काम झटपट. त्याचा पाय घसरला तर तो चुलीवर पडते आणि अख्खं घर बंद. साहेब म्हणते, आत टाक. मी म्हणतो, बाहेर अंगणात ठेवा. त्याला काय लागलं ते तो खिडकीतून मागेल. थोडा वेळ लागेल. पण पडला तर एकटाच पडेल, घर चालू राहील. त्याला उचलून परत उभा करता येते."

"मग सगळ्यांनाच बाहेर काहून नाही ठेवत?"

"काहींना आतच ठेवावं लागते. ज्याला क्षणाचा उशीर चालत नाही, तो आत. बाकीच्यांनी हौस म्हणून आत घुसू नये." मग त्यानं एक किडकी शेंग परातीतून उचलून अंगणात फेकली आणि म्हणाला, "पडायचं तर अंगणात पडावं."

हे वाक्य मी त्याच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल. मी चौथीपर्यंत शिकले, पण मला ते पहिल्याच खेपेला समजलं. पुण्याच्या साहेबाला समजत नव्हतं. तो फोनवर ओरडायचा, "अरे बाबा, आत टाक ना, फास्ट होईल!" आणि हा तितक्याच शांतपणे म्हणायचा, "दूध नासतंय का सर तेवढ्यात?"

एकदा तो पनागरच्या डेअरीतून इतका खूश होऊन आला की मला वाटलं लग्न जमलं.

"काकू, आज माझा ड्रायव्हर सकाळपासून सात वेळा मेला!"

"त्यात काय कौतुक?"

"कोणाला कळलं नाही! मेला, उठला, मेला, उठला. दूधवाल्यांची रांग एकदाही थांबली नाही."

आमचे हे तेव्हा आरामखुर्चीत बसलेले असायचे. ते म्हणाले, "माझंही... तसंच... चाललं आहे." यांची फुफ्फुसं फॅक्टरीच्या धुळीनं आकसली होती, दोन शब्द बोलले की श्वास घ्यावा लागायचा. पण टोमणा कधी सोडला नाही.

आता त्याचा तो उंबऱ्याचा नियम. जसं तो लिहायचा तसंच राहायचा. चहा हवा असला की स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजावर तीन टिचक्या. मी "हो" म्हटलं तर थांबायचा, नाही म्हटलं तर निघून जायचा. चहा गजांमधून घ्यायचा, कप धुऊन खिडकीत पालथा ठेवायचा. एकदा त्याच्याकडचं मीठ संपलं. त्यानं टिचक्या मारल्या, मी न्हाणीघरात होते, ऐकू आलं नाही. तो परत गेला आणि अळणी वरण जेवला. मिठाचा डबा खिडकीच्या आत हाताच्या अंतरावर होता.

"हात घालून घ्यायचा ना, बावा!"

"असं कसं? तुम्ही द्यायला पाहिजे."

समोरच्या भाभी याच्या अगदी उलट. त्या न विचारता आत यायच्या, पातेल्यांची झाकणं उघडून पाहायच्या आणि जाताना गॅस बारीक करून जायच्या. तो ओट्यावरून पाहत राहायचा आणि मला हळूच म्हणायचा, "या थेट कर्नेलमध्ये चालतात."

"क्या बोल रहे हैं भैया?" भाभी विचारायच्या.

"तारीफ कर रहा है," मी सांगायची.

हसण्यावारी नेलं तरी मला त्याचं बाहेर उभं राहणं टोचायचं. आम्ही बौद्ध. माझी आई नागपूरकडच्या खेड्यात दुसऱ्याच्या दारात उभी राहायची, आणि वरून ओंजळीत पाणी ओतलं की पिऊन निघायची. मी तिच्या लुगड्याला धरून उभी असायची, सगळं पाहिलं आहे. स्वतःचं घर झालं तेव्हा मी ठरवलं, माझ्या दाराबाहेर कोणी उभं राहणार नाही. भंगारवाला आला तरी आत बसून पाणी पितो. आणि हा एक, वरच्या जातीचा, रोज खिडकीतून चहा घेते! एका दिवशी मी सुनावलंच.

"आमच्या घरात यायला तुला विटाळ होते का?"

त्यानं हातातला कप खिडकीत ठेवला. मग चपला काढून तो आत आला, खुर्चीच्या अगदी कडेला बसला, चहा मागितला, पोहे मागितले, खाल्ले, घाम पुसला, आणि उठताना त्याचं कोपर कपाटाला लागून माझी आंब्याच्या लोणच्याची बरणी फुटली. वर्षाचं लोणचं. तेल पार वंदनेच्या आसनापर्यंत गेलं.

तो म्हणाला, "म्हणून सांगत होतो."

हे इतके हसले की त्यांना दम लागला. मी फरशी पुसत होते, मला हसू आलं नाही. पण विटाळाची गोष्ट माझ्या मनातून गेली. निदान मला वाटलं गेली.

दुसऱ्या वर्षी यांचा श्वास आणखी कमी झाला आणि डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र लावायला सांगितलं. ते यंत्र खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढतं, पाण्याच्या एका बाटलीतून नेतं आणि नळीनं नाकात सोडतं. बोटाला लावायची क्लिपही आणली, ती रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवते. पण मी दिवसभर बोट पाहत बसू का? स्वयंपाक आहे, कपडे आहेत.

इंजिनियर खिडकीतून म्हणाला, "काकू, क्लिपची तार मी माझ्या लहान कॉम्प्युटरला जोडून देतो. पडद्यावर मोठा आकडा दिसेल. कमी झाला तर घंटी वाजेल."

कॉम्प्युटर त्यानं खिडकीतूनच आत दिला, तारा मी लावल्या, तो बाहेरून सांगत होता, "लाल नाही, काळी. काळी, काकू." दुभाष्या अर्थातच त्यानं बाहेरच ठेवला होता. तो मधून मधून मरायचा. मेला की आकड्याच्या जागी तीन रेघा यायच्या, एक-दोन सेकंद, आणि परत आकडा. आम्हाला सवय झाली. हे रेघा दिसल्या की म्हणायचे, "गेला." आकडा आला की म्हणायचे, "आला."

पण आकडा उशिरा यायचा. क्लिप काढून माझ्या बोटाला लावली तर मी सावकाश दहा मोजेपर्यंत पडद्यावर यांचाच आकडा. मला ते खपेना.

"तुझा दुभाष्या अंगणातून चालत येते का रे?"

"बैल... गाडीनं," हे म्हणाले.

तो आधी हसायचा. मी रोज म्हणायला लागले. मी कटकट करते, हे मला माहीत आहे, त्याबद्दल मी कधी माफी मागितली नाही. आणि एका दिवशी मी बोलले ते बोलायला नको होतं. यांना रात्रभर झोप नव्हती, मलाही नव्हती. मी म्हटलं, "आमच्या जिवाचं काम आहे आणि तू आमचा आकडाही दाराबाहेर उभा ठेवतो."

त्यानं कप धुतला, पालथा ठेवला, गेला. तीन दिवस त्याच्या खोलीतून नुसता बटणांचा आवाज. चौथ्या दिवशी खिडकीत आला.

"आत टाकला, काकू. आता झटकन येईल."

मला झटकन आल्यासारखा वाटला. खरं सांगते, वाटला. मी यांना म्हटलं, "पाहा, बोललं की होते."

त्यानंतर पाचव्या दिवशीची ही सकाळ.

धपाटा बसला तसा तो भानावर आला. "आकडा सोड!" मी ओरडले. "यांना उठव!" त्यानं यांच्या काखेत हात घालून त्यांना उठतं धरलं. मी नळी पाहत गेले, नाकापासून यंत्रापर्यंत, हातानं चाचपत. नळी नीट होती. यंत्र घरघरत होतं. पाण्याच्या बाटलीपाशी हात नेला तर गार हवा बोटांना लागली. झाकण वाकडं बसलं होतं. सगळा ऑक्सिजन तिथूनच खोलीत चालला होता. सकाळी पाणी बदलून ते झाकण मीच लावलं होतं.

मी झाकण काढलं, परत लावलं, पिळून घट्ट केलं. बाटलीत बुडबुडे यायला लागले.

"श्वास घ्या बाबूजी, घ्या, घ्या," इंजिनियर म्हणत होता. त्याचा आवाज चिरकला होता. यांची मान त्याच्या खांद्यावर पडलेली. पडदा अजून चौऱ्याण्णव दाखवत होता. मी त्यावर टॉवेल टाकला.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. ओठांच्या कडा आधी बदलल्या, मग मधला भाग. हे डोळे उघडून इंजिनियरकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "तू... आत... कसा?"

भाभी धावत आल्या, या वेळी न विचारता आल्या ते बरं झालं. त्यांच्या मुलानं गाडी काढली आणि आम्ही दवाखान्यात गेलो. तिथं यांना चार दिवस ठेवलं.

मी दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आले तर इंजिनियर ओट्यावर बसलेला. दाढी वाढलेली, काही खाल्लेलं दिसेना. मी विचारलं, "झालं काय होतं ते सांग. मला समजेल असं सांग."

"दुभाष्या आत होता. त्याचा पाय घसरला. अख्खा कॉम्प्युटर जागच्या जागी थिजला. शेवटचा आकडा पडद्यावर तसाच राहिला. घंटीही त्याच घरात, तीही मुकी झाली. बाहेर असता तर रेघा आल्या असत्या, दोन सेकंदात उठला असता, घंटी वाजली असती."

"म्हणजे शिळा आकडा ताजा म्हणून वाढला."

"हो."

"मी कटकट केली म्हणून."

"नाही काकू. उशीर माझा नव्हताच. ती क्लिपच काही ठोके मोजून मग आकडा देते. आत टाकून पापणी लवण्याइतकाही वेळ वाचला नाही. आणि हे मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग टाकला काहून?"

"तुम्ही म्हणाल्या, दाराबाहेर उभा ठेवतो. मला वाटलं, तुम्हाला अजून तसंच वाटते."

मी चौकटीला टेकून उभी राहिले. माझ्या आईला बाहेर उभं करणाऱ्यांना तिची किळस येत होती. याला स्वतःचीच भीती वाटत होती, आपल्यामुळं दुसऱ्याचं काही फुटू नये याची. एवढी सरळ गोष्ट, आणि मी दोन वर्षं त्याला खिडकीतून चहा देऊन ओळखली नव्हती. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. "जेवून घे," एवढंच म्हटलं.

तो जेवला नाही. त्यानं सांगितलं की पुण्याला फोन करून झाला आहे, काम सोडतो, भावाच्या संत्र्याच्या बागेत जातो. "माणसाच्या श्वासाला हात लावायची माझी लायकी नाही."

"दूध मोज मग."

"त्यालाही नाही."

साहेब फोन करकरून थकला. शेवटी त्यानं माझ्या नंबरवर फोन केला. "आजी, त्याला समजवा, असा माणूस दुसरा नाही आमच्याकडं." मी म्हटलं, "मग त्याचं ऐकत काहून नव्हता?" आणि ठेवून दिला.

हे घरी आले त्या दुपारी त्याची पेटी अंगणात बांधून ठेवलेली होती. तो निरोप घ्यायला आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. यांनी हातानं जवळ बोलावलं. तो चौकटीपर्यंत आला.

"झाकण... हिनं... लावलं," हे म्हणाले. मग श्वास घेतला. आम्ही थांबलो. "वाकडं. ही... स्वयंपाक... सोडते का?"

तो रडला. मोठा माणूस, ओट्यावर बसून, नाक पुसत. भाभी समोरून पाहत होत्या, त्याला त्याचं भान नव्हतं. मी चहा टाकला.

पेटी सोडायला त्यानं दोन दिवस घेतले. मग कामाला लागला. दुभाष्या परत बाहेर. शिवाय एक वेगळी घंटी, तिच्या स्वतःच्या सेलवर चालणारी, कॉम्प्युटरशी तिचं एवढंच नातं की त्यानं दर दोन सेकंदांनी तिला मी आहे म्हणून सांगायचं. सांगितलं नाही की ती बोंबलायची. ती घंटी दिवसातून चार-पाच वेळा विनाकारण बोंबलायची आणि आमचं डोकं उठवायची. मी एकदाही तक्रार केली नाही, आणि तो त्याचंच नवल करायचा.

"काकू, आज काही बोलल्या नाही?"

"तू पडून राहा अंगणात," मी म्हणायची.

रोज सकाळी पाणी बदललं की मी बाटली यंत्राला लावायची आणि त्याला खिडकीतून दाखवायची. तो बाहेरून झाकण पाहायचा, बुडबुडे पाहायचा, मान हलवायचा, मग मी पुढच्या कामाला. दुभाष्यावर नजर ठेवायला घंटी, माझ्यावर नजर ठेवायला तो. मला त्याचा राग यायचा, पण मी बाटली दाखवायची.

पुढं त्याच्या कंपनीनं त्याला पुण्याला बोलावून घेतलं. साहेबानं म्हणे आता सगळ्यांना सांगितलं आहे, आधी याला विचारा कुणाला आत घ्यायचं ते. तिथंही तो कोणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत राहतो. सणासुदीला फोन करतो आणि मी उचलला की आधी विचारतो, "काकू, बोलू का?"

हे त्या सकाळनंतर एक वर्ष आणि दोन महिने जगले, आणि गेले ते झोपेत, यंत्र नीट चालू असताना. नर्मदेवर तिलवारा घाटाला दहनासाठी नेलं तेव्हा तो पुण्याहून आला होता. झाकण वाकडं बसलं त्या सकाळी खोलीत आम्ही तिघं होतो, हे, तो आणि मी. तिघंही त्यातून वाचलो.